भिंतीवरच्या वेळापत्रकाला विचारा, ही तासिका इथं कोणी आणली

ताई, तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. एक म्हणजे बीएडला अभ्यासक्रमाचे ऐतिहासिक आणि तात्त्विक आधार असं जे प्रकरण आहे ते पाठ करून पेपर निघतो, पण शिरपूर तालुक्यातल्या तुमच्या इंटर्नशिपच्या शाळेत चौथीच्या पोरांसमोर उभं राहिलं की त्यातलं काहीच कामाला येत नाही, मग ते शिकायचं कशाला. दुसरं म्हणजे वजनमापाच्या पाठाचं तुमचं टाचण, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा, मार्गदर्शक सरांनी परत केलं, कारण प्रस्तावनेत पाच प्रश्न नव्हते, तुम्ही कापूस वेचणीची गोष्ट घातली होती. मला दोन्हीचं उत्तर एकच वाटतं, म्हणून जरा लांबण लावून सांगतो, सवडीनं वाचा.

मी ३३ वर्षं या कामात काढली. त्यातली १९ वर्षं चोपडा, यावल भागात सातपुड्याच्या पायथ्याला जिल्हा परिषदेच्या शाळांवर, बहुतेक द्विशिक्षकी, आणि नंतर शिक्षक प्रशिक्षणात. हे प्रकरण मलाही उलट्या बाजूनंच शिकवलं गेलं. आदर्शवाद म्हटलं की प्लेटो, निसर्गवाद म्हटलं की रूसो, कार्यवाद म्हटलं की ड्यूई, जोड्या लावा आणि पुढं चला. नोट्स डिक्टेट व्हायच्या आणि आम्ही माना खाली घालून उतरवायचो. बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं की हे वाचायचं असेल तर वर्गातल्या भिंतीवरून वाचायला सुरुवात करायची. तुमच्या शाळेत वेळापत्रक लावलेलं असेल, परिपाठ, भाषा, गणित, परिसर अभ्यास, कार्यानुभव, खेळ. त्यातली प्रत्येक तासिका कोणीतरी कधीतरी कोणाशी तरी भांडून तिथं आणलेली आहे, आणि काय शिकवायचं हे ठरवणाऱ्यानं कोणासाठी, कशासाठी आणि कोणाच्या पैशानं हेही त्याच दमात ठरवलेलं असतं. आधार आधार म्हणतात ते हेच, इतकं धरून ठेवलं तरी प्रकरण निम्मं समजलं समजा.

याचा एकदम जुना पुरावा आपल्या खान्देशातच आहे आणि आपल्या नोट्समध्ये तो कुठंच नसतो याचं मला मनापासून वाईट वाटतं. चाळीसगावजवळ पाटणादेवीला एक शिलालेख आहे, १८६५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी, त्यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी तिथं मठ काढला आणि शके ११२८ मध्ये, म्हणजे इसवी सन १२०७ च्या सुमाराला, तिथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्या मठाला दान दिलं. त्या दगडावर काय शिकवायचं ते सरळ लिहिलंय, सिद्धांतशिरोमणी वगैरे भास्कराचार्यांचे ग्रंथ आणि त्यांच्या वंशातल्यांनी केलेले इतर ग्रंथ इथं नेमानं शिकवायचे. आता याला अभ्यासक्रम नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? आणि लेखाचा शेवटचा भाग संस्कृतात नाही, जुन्या मराठीत आहे, कारण तो बाजारातल्या माणसांसाठी आहे. त्यात खर्चाची सोय सांगितलीय, पाटणच्या पेठेत जो माल विकायला येईल त्याच्यावरची राजाची वसुली मठाला आणि जितके तेलघाणे चालतील त्या दर घाण्यामागे पळी पळी तेल मठाला.

म्हणजे बघा, शिकवायचं आकाशातल्या ग्रहांचं गणित आणि दिवा जळणार घाण्यावर राबणाऱ्याच्या तेलावर, त्याचं पोरगं मात्र त्या मठात बसणार नाही. कोण शिकतं आणि कोण भरतं हा प्रश्न ८०० वर्षांपूर्वी आपल्याच दगडावर कोरलेला आहे.

हाच प्रश्न महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारनं शिक्षणाची पाहणी करायला नेमलेल्या हंटर कमिशनसमोर ठेवला. तेव्हा मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा जादा कर लोकल फंड म्हणून घेत आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाला जाई, म्हणजे पैसा कुणब्याचा. वरच्या वर्गाला शिकवलं की ज्ञान आपोआप खाली झिरपेल असं सरकारचं धोरण होतं आणि फुल्यांनी आपल्या निवेदनात त्याच्यावरच बोट ठेवलं. नोट्समध्ये इथवर असतं, पुढचं नसतं आणि पुढचंच तुमच्या कामाचं आहे. त्यांनी नुसतं सक्तीचं शिक्षण द्या एवढंच मागितलं नाही, प्राथमिक शाळेत काय शिकवावं तेसुद्धा सांगितलं. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे काही धडे. शिक्षक शेतकरी समाजातून यावेत, वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला लाज वाटणार नाही असे असावेत, हे पण. मी प्रशिक्षणाला आलेल्या शिक्षकांना हा परिच्छेद दरवर्षी वाचून दाखवायचो, कारण मोडी का तर गावातली जमिनीची, देण्याघेण्याची कागदपत्रं मोडीत होती, शेती का तर पोरगं शेतावर परत जाणार होतं. एकेका विषयामागं कारण आहे. अभ्यासक्रमाचा सामाजिक आधार म्हणजे नेमकं काय, याचं याच्यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी सापडलं नाही.

त्याच्या आधीची जी गावठी शाळा, पंतोजीची, तिला आपण फार हलकं समजतो. ओसरीवर किंवा देवळात भरायची, धूळपाटीवर बोटानं अक्षर गिरवायचं, संध्याकाळी परवचा. पाढे नुसते तीसपर्यंत नाहीत, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. हे सगळं बाजारातून आलेलं होतं, आणे-पै, शेर-पायली यांचे हिशेब तोंडी करायचे तर अपूर्णांक जिभेवरच पाहिजे. १९५७ ला दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो आणि लिटर आले आणि औटकीच्या पायाखालची जमीनच गेली. ज्यांनी ती पाठ केली होती त्यांना अजून हळहळ वाटते, मला ती हळहळ समजते पण मी औटकी परत आणा असं म्हणणार नाही, कारण ज्या व्यवहारासाठी ती होती तो व्यवहारच बदलला. एक गंमतीची हकीकत पण ऐका. अँड्र्यू बेल नावाचा पाद्री मद्रासला अनाथ मुलांची शाळा चालवत होता, त्यानं गावठी शाळेतली पोरं वाळूत अक्षरं गिरवताना पाहिली आणि तेच आपल्या शाळेत सुरू केलं, मोठ्या पोरांकडून लहान पोरांना शिकवून घेणंसुद्धा. १७९७ मध्ये लंडनला त्यानं त्याच्यावर पुस्तिका छापली आणि ती पद्धत मॉनिटर सिस्टिम म्हणून इंग्लंडभर पसरली. तुम्ही बहुवर्ग अध्यापनात चौथीच्या पोरीला पहिलीच्या गटाजवळ बसवता ना, ते आपल्याकडचं जुनं शहाणपण आहे.

मग सरकारी शिक्षणाची घडी घालून देणारा १८५४ चा वूडचा खलिता, १८५५ ला शिक्षण खातं, इन्स्पेक्टर, इयत्ता, क्रमिक पुस्तकं. मराठी क्रमिक पुस्तकांच्या कामात मेजर कँडी हे मोठं नाव, मराठीत स्वल्पविराम-पूर्णविराम रुजवण्यातही त्यांचा मोठा वाटा. याचा फायदा फार मोठा झाला हे मान्यच करायला हवं, धुळ्याच्या आणि रत्नागिरीच्या पोराच्या हातात एकच पुस्तक आलं. पण त्याच वेळी पुस्तक आणि शिक्षण एकच अशी समजूतही बसली ती आजपर्यंत. त्यात १८६२ ला इंग्लंडमध्ये निकालावर अनुदान सुरू झालं, पोरगं इन्स्पेक्टरसमोर वाचून दाखवेल, गणित सोडवेल तर शाळेला पैसे, आणि मुंबई इलाख्यातही अनुदानाला तीच रीत लावली गेली. इन्स्पेक्टर जे विचारणार तेवढंच मास्तर शिकवणार, यात मास्तरचा काय दोष, पगार त्याच्यावर होता. आज चाचणीच्या आठवड्यात आपण सगळे विषय बाजूला ठेवून फक्त चाचणीचे नमुने घेत बसतो त्याची मुळं मला तिथं दिसतात.

आता एक प्रसंग सांगतो, तो मी कधी विसरलो नाही. दसऱ्यानंतरचे दिवस, कापूस फुटलेला, पट निम्मा गैरहजर. पाचवीतली एक मुलगी चार दिवसांनी आली. मी विचारलं, कुठं होतीस गं? ती म्हणाली, मी वावरमा गयथू. मी सवयीनं म्हणालो, वावरमा नाही, शेतात गेले होते असं म्हण. ती गप्प बसली ती दुपारपर्यंत गप्पच. गणिताच्या तासाला अपूर्णांकाचा गुणाकार होता, तिची पाटी कोरी. मधल्या सुट्टीत ती दुसऱ्या एका पोरीशी बोलत होती आणि माझ्या कानावर पडलं, आईनं साडेसदतीस किलो वेचला, पाच रुपये किलो, पैसे किती झाले असतील. आणि ती एका दमात म्हणाली, चाळीस किलोना दोनशे, त्यामाईन अडीचना साडेबारा कमी, एकशे साडेसत्त्याऐंशी. मी जागेवरच उभा राहिलो. साडेसदतीस गुणिले पाच. वर्गात कोरी पाटी ठेवणारी पोरगी ओट्यावर बसून वितरणाचा नियम, म्हणजे संख्या फोडून गुणायचं, वापरत होती आणि तोही वजाबाकीनं, जो मी तिला शिकवलेलाच नव्हता. सकाळी तिची जीभ मी बांधून ठेवली होती.

त्या रात्री मी अमेरिकेतला शिक्षणतज्ज्ञ ड्यूई पहिल्यांदा खरा वाचला. मूल एकीकडे आणि अभ्यासक्रम दुसरीकडे अशा दोन भिंती उभ्या करू नका, मुलाचा आजचा अनुभव आणि पुस्तकातलं ज्ञान ही एकाच रस्त्याची दोन टोकं आहेत, हे त्यांनी १९०२ मध्ये मांडलं, शिकागोत स्वतः प्रयोगशाळा म्हणून शाळा चालवून पाहिल्यानंतर. हेच ड्यूई पुढं कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे शिक्षक होते. नोट्समध्ये कार्यवादाखाली करून शिकणे असे दोन शब्द असतात, आणि मग आपण कृती म्हणून कागदाची होडी करायला लावतो. त्या पोरीच्या बाबतीत कृती तर तिची आई शेतात करतच होती, मला फक्त तिचा हिशेब फळ्यावर आणून, बाई, तू जे केलंस त्याला असं लिहितात, एवढं म्हणायचं होतं.

भाषेचं भांडण तर जुनंच. १८३५ ला इंग्रजीतून शिकवा म्हणणारं मेकॉलेचं टिपण, आणि १८४० च्या दशकात मुंबईच्या शिक्षण मंडळात अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूनं आणि जगन्नाथ शंकरशेट मराठीसारख्या देशी भाषांच्या बाजूनं. आपण शंकरशेटांच्या बाजूचे, यात शंकाच नाही. पण खान्देशातला मास्तर म्हणून मला एक पुढचं दिसतं, त्या भांडणात मराठी जिंकली असती तरी अहिराणी, भिली, पावरी, मावची बोलणारं पोरगं दाराबाहेरच उभं राहिलं असतं. आज घटनेचं कलम ३५० क मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करायला सांगतं, २००९ च्या शिक्षणहक्काच्या (आरटीई) कायद्यात शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा असं आहे, २०२० च्या धोरणात निदान पाचवीपर्यंत घरची भाषा म्हटलंय. कागद आपल्या बाजूनं आहे. आणि आसोद्याच्या बहिणाबाई शाळेत कधी गेल्या नाहीत, लिहिता येत नव्हतं, त्यांची कविता आपण पाठ्यपुस्तकात शिकवतो, मग आपल्या घरच्या बोलीत बोलणाऱ्या पोराला चूक कसं म्हणायचं? प्रमाण मराठी शिकवायचीच, त्याशिवाय पोराची पुढची वाट उघडत नाही, माझं म्हणणं एवढंच की त्याचं वाक्य आधी पूर्ण होऊ द्यायचं.

कार्यानुभवाची तासिका कुठून आली तेही आपल्या मातीतलंच आहे. डिसेंबर १९३६ ला फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं, बांबूंचा मंडप, सजावट नंदलाल बोसांची, आणि गांधीजींनी तिथं खादी-ग्रामोद्योगाचं प्रदर्शन मांडायला लावलं. पुढं दहा महिन्यांत ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्याची शिक्षण परिषद, मग झाकीर हुसेन समिती, सात वर्षांचं सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून आणि एखाद्या उद्योगाभोवती. टकळीवर सूत काढता काढता मोजणी, कापसाचा भूगोल, गिरण्यांचा इतिहास. जीवन शिक्षण मंदिर अशा पाट्या अजून कित्येक शाळांच्या दारावर दिसतात त्या या विचाराच्या आहेत. ते का टिकलं नाही? माझ्या मते दोन कारणं. पोरांनी काढलेल्या सुतातून मास्तरचा पगार निघावा ही अपेक्षा चुकीची होती, आणि आईबापांना वाटलं की साहेबाच्या पोराला पुस्तक आणि आमच्या पोराला परत टकळीच का. ही शंका रास्त होती, तिला शेतकऱ्यांचं अज्ञान म्हणणाऱ्यांशी मी कायम भांडत आलोय. हातानं काम करणं सगळ्यांच्याच अभ्यासक्रमात असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. आता त्या तासिकेला बहुतेक ठिकाणी राहिलेलं गणित पूर्ण करतात.

साने गुरुजींबद्दल थोडंच. ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० शिक्षक होते, छात्रालय त्यांच्याकडे होतं, आणि त्याच गावात प्रतापशेठनी १९१६ मध्ये काढलेलं तत्त्वज्ञान मंदिर. वेदान्त शिकायला आलेला माणूस तिथून उठून शाळेत गेला आणि छात्रालयातल्या पोरांची अंथरुणं आवरू लागला, त्यांच्यासाठी हातानं लिहून दैनिक काढू लागला. तात्त्विक आधार म्हणजे काय असं कोणी विचारलं तर मी हे सांगतो, दोन पानं व्याख्या सांगत नाही.

आता तुमचं टाचण. पाच प्रश्नांची प्रस्तावना, मग हेतुकथन, सादरीकरण, तुलना, नियम, उपयोजन, ही चौकट हर्बार्टची म्हणून सांगतात. हर्बार्ट हा १८४१ ला वारलेला जर्मन तत्त्वज्ञ, त्यानं चार पायऱ्या मांडल्या होत्या, पाच केल्या त्या झिलर आणि राइन या त्याच्या मागच्या लोकांनी. आणि त्याचा मूळ मुद्दा साधा होता, नवं ज्ञान जुन्या ज्ञानाला जाऊन चिकटतं, म्हणून पोराच्या डोक्यात आधी काय आहे ते हलवून जागं करा. पाच प्रश्न विचारून पोरांकडून पाणी हा शब्द काढून घ्यायचा आणि म्हणायचं आज आपण पाण्याची माहिती घेऊ, याला जागं करणं म्हणत नाहीत. तुमच्या वर्गातल्या पोरांचं वजनाबद्दलचं पूर्वज्ञान कापसाच्या काट्यावर आहे, तुम्ही बरोबर तिथंच हात घातला. म्हणून सरांशी वाद घालू नका, त्यांनाही असंच शिकवलं गेलंय, त्यांना आदरानं सांगा की सर, हर्बार्टचा पूर्वज्ञानाचा मुद्दा धरून मी ही गोष्ट घेतलीय, आणि त्याच गोष्टीतून निघणारे पाच प्रश्न खाली लिहून द्या. तुमच्या आईनं काल किती वेचला, काट्यावर कोण उभं होतं, अर्धा किलो सोडून दिला तर आठवड्याला किती गेले.

अलीकडचं झपझप सांगतो कारण ते तुमच्या नोट्समध्ये व्यवस्थित असतं. १९६४-६६ चा कोठारी आयोग, १९९१ च्या किमान अध्ययन पातळ्या, २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आणि ज्ञानरचनावाद, आता २०२० चं धोरण. एकदा घोटलेली पातळी मोजायची आणि एकदा मुलानं स्वतः ज्ञान रचायचं असा लंबक इकडून तिकडं जातो. आमच्याकडं ज्ञानरचनावाद आला तेव्हा शाळाशाळांत फरशीवर ऑइलपेंटनं तक्ते रंगवले, गावकऱ्यांनी वर्गणी दिली, मेहनत खरी होती. पण जिथं शिक्षक पोराला, तू असं का केलंस, हे विचारायला लागले तिथंच काही बदललं, रंग नसला तरी.

पेपरला उत्तर लिहिताना मुद्दे लिहाच, मार्क त्याला आहेत. पण प्रत्येक मुद्द्याखाली एक आपल्याकडचं उदाहरण टाका, ऐतिहासिक म्हटलं की पाटणादेवी आणि निकालावर अनुदान, सामाजिक म्हटलं की फुल्यांचं निवेदन, तात्त्विक म्हटलं की वर्धा आणि ते का अडलं, मानसशास्त्रीय म्हटलं की हर्बार्ट आणि तुमचा काटा. तपासणारा हजार सारख्या उत्तरपत्रिका वाचत असतो, तो थांबतो.

आणि पाठाच्या दिवशी खराखुरा काटा वापरा, चित्रातला नको. शाळेत पोषण आहाराच्या खोलीत असतोच. एक पोरगं काट्यावर, एक वहीत लिहिणारं, एक पैसे काढणारं, आणि हिशेब ज्या भाषेत येईल त्या भाषेत बोलू द्या, फळ्यावर तुम्ही मराठीत आणि अंकात लिहा. फक्त स्वयंपाकाच्या ताईंना आदल्या दिवशीच सांगून ठेवा, सकाळी तांदूळ मोजायला त्यांना तो लागतो.